तीन वेळची धार

"सर, बारा मिनिटं. जास्तीत जास्त पंधरा," शोरूममधला तरुण म्हणाला आणि त्याने माझ्यापुढे एक छापील कागद सरकवला. गाडीला काही झाले तर खर्च मी देईन आणि मला काही झाले तर तो प्रश्न माझा, असे त्यावर लिहून द्यायचे होते. सदतीस वर्षे बँकेत काढल्यामुळे बारीक टाइपातला मजकूर वाचल्याखेरीज सही न करण्याची खोड मला जडली आहे. माझे वाचून होईपर्यंत त्याने दोनदा घड्याळ पाहिले. मग परवान्यावरची जन्मतारीख पाहिली आणि त्याचे 'सर' सुटून 'काका' सुरू झाले.

"काका, आधी कोणती चालवलीय?"

"राजदूत," मी म्हणालो.

हे नाव त्याने ऐकले असावे, पण कुठल्यातरी वकिलातीच्या संदर्भात. तो आदराने हसला आणि किल्ली आणायला गेला.

गाडी होती रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०. या नावाची पहिली गाडी २०१६ साली आली. तिचे इंजिन ४११ सीसीचे, हवेवर आणि ऑइलवर थंड होणारे. नोव्हेंबर २०२३ मध्ये जी नवी आली, ती नावाखेरीज जवळजवळ सर्वच बाबतींत नवी होती. ४५२ सीसीचे, मोटारीसारखे रेडिएटर असलेले इंजिन, सहा गिअर, जुनीच्या दीडपटीहून अधिक ताकद. पुढचे चाक २१ इंची, मागचे १७ इंची. पेट्रोलची टाकी १७ लिटरची. वजन १९६ किलो. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीवरच्या दुचाकींचा जीएसटी ४० टक्के झाला. त्यामुळे नोंदणी आणि विमा धरून ही गाडी घरी येईपर्यंत साडेतीन लाखांच्या पुढे जाते.

साठी उलटलेल्या, चाळिशीचा चष्मा लावणाऱ्या आणि कादंबऱ्या लिहून उपजीविका होत नाही हे ठाऊक असलेल्या गृहस्थाला ही गाडी कशाला हवी, असा प्रश्न वाचकांना पडला असेल. तो आमच्या घरातही पडला. उत्तर असे, की मला आणि माझ्या पत्नीला एकदा स्पितीला जायचे आहे. सिमल्याहून रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो आणि काझा. हा बेत आम्ही निवृत्तीच्या आधीपासून करीत आहोत. एका मुदत ठेवीची मुदत यंदा संपली आणि बेताला पैशाचे तोंड फुटले. पण या वयात मोडलेली ठेव आणि मोडलेले हाड दोन्ही पूर्ववत व्हायला फार वेळ लागतो. तेव्हा निर्णय चुकून चालणार नव्हता, आणि तो घ्यायला मिळाली होती बारा मिनिटे.

या बारा मिनिटांवरून मला म्हशींची आठवण झाली.

१९८२ साली मी बँकेत लागलो आणि काही वर्षांतच कृषी अधिकारी म्हणून अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला गेलो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. दुभत्या जनावरांसाठी कर्जे द्यायची, जनावर खरेदी होताना हजर राहायचे, विम्याचा बिल्ला म्हशीच्या कानात मारून घ्यायचा, ही कामे माझ्याकडे होती. घोटीच्या आणि लोणीच्या गुरांच्या बाजारात मी शहाणा झालो. विकणारा म्हशीची एक धार चुकवून तिला बाजारात आणतो. कास तटतटून भरलेली दिसते आणि नवखा गिऱ्हाईक भुलतो. पहिल्या धारेला बादली भरते, दुसऱ्या दिवशी घरी तांब्या. म्हणून जाणता शेतकरी लागोपाठ तीन वेळची धार डोळ्यांदेखत काढून पाहतो. संध्याकाळ, सकाळ आणि पुन्हा संध्याकाळ. पहिल्या धारेत विकणाऱ्याची हुशारी असते, दुसरीत थोडे खरे कळते, तिसरीत म्हैस कळते.

शोरूमची चक्कर ही पहिली धार. ती खोटी असते असे नव्हे. तिच्यातून काय कळते आणि काय कळूच शकत नाही, हे आधी ठरवावे लागते, एवढेच.

चक्करीकडे वळण्यापूर्वी या जातीच्या गाड्यांबद्दल थोडे सांगायला हवे. यांना 'अॅडव्हेंचर' मोटारसायकल म्हणतात. डांबरावर लांबचा पल्ला मारायचा आणि डांबर संपल्यावर थांबायचे नाही, अशी अपेक्षा. हा साचा रुजवला तो बीएमडब्ल्यूने १९८० साली काढलेल्या 'आर ८० जी/एस' या गाडीने. जी म्हणजे रान, एस म्हणजे रस्ता, अशा अर्थाची ती जर्मन आद्याक्षरे. १९८१ ची पॅरिस-डाकार शर्यत फ्रान्सच्या ह्यूबेर ओरियोलने याच जातीच्या गाडीवर जिंकली आणि रस्त्याची गाडी वाळवंटही पार करू शकते हे जगाला पटले. २००४ मध्ये इवान मॅकग्रेगर हा नट आपल्या मित्रासह लंडनहून निघून पूर्वेच्या वाटेने न्यूयॉर्कला मोटारसायकलने गेला. ती मालिका दूरचित्रवाणीवर पाहून अनेक मध्यमवयीन गृहस्थांनी अशा गाड्या घेतल्या. आपल्याकडे हीरोची १५० सीसीची इम्पल्स २०११ मध्ये आली आणि काही वर्षांत गेली. तेव्हा गिऱ्हाईक तयार नव्हते. २०१६ च्या हिमालयनने ते तयार केले आणि २०१९ च्या एक्सपल्सने ते कमी पैशांत आणखी वाढवले.

अर्थात डांबर संपल्यावर पुढे जाणे आम्हाला नवे नव्हते. १७३ सीसीची राजदूत, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे, मागे शाखेचा शिपाई, हँडलला कागदपत्रांची पिशवी. पावसाळ्यात ओढा ओलांडताना सायलेन्सरमध्ये पाणी जाऊ नये म्हणून इंजिन रेटत राहायचे. आम्ही त्याला साहस म्हणत नसू. आम्ही त्याला वसुली म्हणत असू.

असो. किल्ली आली.

पहिली गोष्ट चालवण्याआधीच कळते. ती म्हणजे उंची. या गाडीचे आसन जमिनीपासून ८२५ मिलिमीटरवर आहे, हवे तर ८४५ वर चढवता येते, आणि वेगळे बसके आसन घेतले तर ८०५ वर उतरवता येते. माझी उंची पाच फूट सहा इंच. बसलो तेव्हा दोन्ही पायांचे चवडे टेकले, टाचा हवेत राहिल्या. गाडी बाजूच्या स्टँडवरून सरळ करताना तिचे वजन एकदम अंगावर आले, पण सरळ झाल्यावर नाहीसे झाल्यासारखे वाटले.

इथेच पहिली धार चुकवलेली होती. काटा पाहिला तर टाकीत जेमतेम दोनतीन लिटर पेट्रोल. चाचणीच्या गाडीत बहुतेक ठिकाणी एवढेच असते. १९६ किलो हे वजन टाकी ९० टक्के भरलेली धरून सांगितलेले आहे. लिटरभर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरते. म्हणजे मी चालवायला घेतलेली गाडी नऊदहा किलोंनी हलकी होती, आणि हे वजन कमी झाले होते ते सगळे वरच्या अंगाचे, टाकीतले. तोल सांभाळताना वरचे दहा किलो हे खालच्या दहा किलोंपेक्षा फार जड असतात. डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईला हे सांगावे लागत नाही.

ठरलेला रस्ता महामार्गाला समांतर असा होता. गुळगुळीत डांबर, दोन गतिरोधक, एका पुलाचा चढ, वळसा आणि परत. पहिल्या चार मिनिटांत माझे मत झाले, की गाडी अशक्त आहे. तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश जाताना मी मूठ पिळली आणि अपेक्षित धक्का आलाच नाही. इंजिन कुरकुरले. चाळीस पीएस म्हणजे हे काय, असे मनात म्हणत मी मनातल्या मनात शेरा लिहूनही टाकला.

पुलाच्या चढावर नाइलाजाने एक गिअर उतरलो, इंजिनाच्या फेऱ्या चार हजारांच्या वर गेल्या आणि गाडी अशी निघाली की माझा चष्मा नाकावर घट्ट बसला. मग चूक लक्षात आली. मी तिला राजदूतसारखी, बुलेटसारखी चालवत होतो. ज्या इंजिनात पिस्टनची धाव लांब असते, ते कमी फेऱ्यांवरच ओढते. जुन्या ४११ मध्ये सिलिंडरचा व्यास ७८ मिलिमीटर आणि धाव ८६ होती. नवीत व्यास ८४ आणि धाव ८१.५ आहे. असे इंजिन फेऱ्या मागते. याची सर्वांत जास्त ओढ साडेपाच हजार फेऱ्यांवर आहे आणि पूर्ण ताकद आठ हजारांवर. म्हणजे दोष गाडीत नव्हता, माझ्या डाव्या पायाच्या जुन्या सवयीत होता. चार मिनिटांवर मला परत बोलावले असते, तर मी एक चुकीचे मत आयुष्यभर खात्रीने सांगत फिरलो असतो.

गतिरोधक आले. पुढे-मागे दोन्हीकडे २०० मिलिमीटर खालीवर होणारे सस्पेन्शन आहे, त्यामुळे ते आले आणि गेले एवढेच कळले. याच मऊपणामुळे पुढचा ब्रेक दाबला की गाडी किंचित नाक खुपसते. या जातीच्या सर्वच गाड्यांचा हा स्वभाव आहे. रस्ता मोकळा पाहून मी पायदानांवर उभा राहिलो. शेजारून रिक्षा चालली होती, तिच्यातल्या शाळकरी मुलांनी टाळ्या वाजवल्या. उभे राहिल्यावर हँडल सहज हाती येत होते, वाकावे लागत नव्हते. खडकाळ रस्त्यावर तासन्तास उभे राहून चालवायचे असते, तेव्हा ही गोष्ट महत्त्वाची. माझ्या गुडघ्यांनी मात्र अर्ध्या मिनिटात बसण्याचा अर्ज केला.

आणि मग वळसा. रस्त्याच्या कडेला बारीक खडी पसरलेली होती. मी हळू वळलो, फारच हळू, गाडी आत कलली, उजवा पाय टेकायला गेला आणि त्याला जमीन जिथे वाटली होती तिथे मिळाली नाही. दीड सेकंद असेल. मूठ थोडी पिळली गेली आणि गाडी आपणहून उभी राहिली. मागे कोणी पाहिले नाही. मी पाहिले.

"कशी वाटली, काका?" तरुणाने विचारले.

"छान," मी म्हणालो. त्याने बुकिंगचा फॉर्म पुढे केला. तो घडी घालून मी खिशात ठेवला.

घरी येताना मला राजूरकडचा एक प्रसंग आठवत राहिला. म्हशीच्या कर्जासाठी एक माणूस शाखेत आला होता. विचारले तेवढ्याचे उत्तर द्यायचा, तेही जमिनीकडे पाहून. चारा कुठून आणणार, दूध कुठे घालणार, कशालाच धड उत्तर नाही. हा परतफेड करणार नाही, असे मी दहा मिनिटांत ठरवले आणि अर्ज बाजूला ठेवला. त्याच आठवड्यात दुसरा एक आला. बोलण्यात तरबेज, आकडे तोंडपाठ. त्याचा प्रस्ताव मी झपाट्याने वर पाठवला. संध्याकाळी शाखा बंद करताना आमचा शिपाई, तो त्याच भागातला, कुलूप लावता लावता म्हणाला, "साहेब, एक बोलू का? म्हशीला तुम्ही तीन धारा देता. माणसाला एकच?"

मला राग आला होता. तरी दोन दिवसांनी राजदूत काढून त्या अबोल माणसाच्या वाडीवर गेलो. गोठा झाडलेला होता. एक भाकड गाय होती, पण तिच्या अंगावर एक गोचीड नव्हती. बांधावर गवत लावलेले होते. जे त्याला बोलता आले नाही ते सगळे तिथे मांडून ठेवले होते. कर्ज दिले, शेवटच्या हप्त्यापर्यंत फिटले. तो तरबेज गृहस्थ सहा महिन्यांनी एक कापलेला कान घेऊन विम्याच्या दाव्यासाठी आला. कानात बिल्ला होता. म्हैस मात्र पलीकडच्या तालुक्यात दूध देत होती.

तेव्हा दुसरी धार काढायची ठरवली. शोरूममध्ये फोन करून सांगितले, की मंगळवारी सकाळी गर्दी नसताना येतो, पेट्रोल माझ्या पैशाने भरतो, पत्नीला मागे बसवणार आहे आणि मला अर्धा तास हवा आहे. तरुणाने वरिष्ठांना विचारले आणि हो म्हणाला. वाचकांपैकी कोणी गाडी घेणार असेल तर त्यांनी एवढे जरूर मागावे. मागितले तर बहुधा मिळते. लोक मागतच नाहीत.

टाकी भरली आणि स्टँडवरून सरळ करतानाच फरक कळला. पत्नीने मागच्या पायदानावर पाय ठेवला, माझा खांदा धरला, एकदा प्रयत्न करून खाली उतरली आणि म्हणाली, "अहो, हे घोड्यावर चढल्यासारखं आहे." दुसऱ्या प्रयत्नात बसली. बसल्यावर तिची तक्रार नव्हती. राजदूतच्या मागे बसून तिने तालुका पालथा घातलेला आहे, तिला वाईट आसन म्हणजे काय ते ठाऊक आहे.

या वेळी मी गाडीला तिच्या मताने चालवले, गिअर खालचा ठेवून. चढावर मुद्दाम थांबलो आणि पुन्हा निघालो. एकदा जोरात ब्रेक लावून पाहिला, आधी तिला सांगून. खडीच्या वळणावर या खेपेला मागचा ब्रेक किंचित धरून आणि मान वळणाच्या शेवटाकडे वळवून वळलो, तर गाडी दोघांचे वजन घेऊन निमूट वळली. परत आल्यावर मी मोठ्या समाधानाने विचारले, "काय म्हणतेस?"

ती हेल्मेट काढत म्हणाली, "गाडी चांगली आहे. पण प्रत्येक वेळी थांबताना तुमचा पाय जमीन शोधतो. तुम्हाला वाटतं मला कळत नाही. मागे बसलं की सगळं कळतं."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मोटारसायकलींची इतकी परीक्षणे मी वाचली, पण परीक्षण करणाऱ्याच्या मागे बसलेल्या माणसाला कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. ही गाडी आली तेव्हा पत्रकारांना ती मनालीच्या परिसरात चालवायला दिली होती. त्यांनी लिहिलेले मन लावून वाचले, पुष्कळसे पटलेही. पण ते लिहिणारे बहुतेक तरुण, रोज गाड्या चालवणारे, एकटे बसणारे आणि पडले तर हसत उठणारे. त्यांचे मत त्यांच्या जागी खरे. मला माझ्या वयाचा, माझ्या गुडघ्याचा आणि मागच्या प्रवाशासह असा अभिप्राय हवा होता, आणि तो मला घरातच मिळाला.

तिसरी धार शोरूममध्ये मिळत नाही. तिथे नव्या गाड्या असतात. वापरलेल्या गाडीचे खरे तिच्या मालकाकडे असते. बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाकडे हीच गाडी दोन वर्षांपासून आहे आणि ती वीस हजार किलोमीटरांच्या वर चाललेली आहे. एका रविवारी त्याच्याकडे गेलो. आधी बिलांची फाइल मागितली. त्याला गंमत वाटली. पण कर्जदाराचे पासबुक पाहिल्याखेरीज मला चैन पडत नाही. चेन आणि चक्रांचा संच, टायर, ब्रेकचे पॅड, कूलंट, प्रत्येक सर्व्हिसिंगचा खर्च, सगळे एका कागदावर उतरवून किलोमीटरमागे किती पडले ते काढले. पेट्रोलचा खर्च सगळे मोजतात. टायरचा कोणी मोजत नाही. सुरुवातीला या गाडीला ट्यूबची चाके येत, नंतर तारांची तरीही ट्यूबलेस अशी चाकेही मिळू लागली. त्याच्या गाडीला ट्यूबची होती. तेव्हा रस्त्याच्या कडेला ट्यूब कशी बदलायची हेही त्याच्याकडून समजून घेतले.

मग त्याची गाडी घेऊन मुळशीवरून ताम्हिणी उतरून माणगावपर्यंत गेलो आणि परत आलो. दोनशेच्या वर किलोमीटर झाले. बारा मिनिटांत जे कळणे शक्यच नव्हते ते इथे कळले. दीड तासानंतर आसन कुठे टोचते ते कळले. ऐंशीनव्वदच्या वेगात वारा छातीवर कमी आणि हेल्मेटवर जास्त लागतो हे कळले. लिटरला तीसच्या आसपास पडले, म्हणजे भरलेल्या टाकीत काझासारख्या दूरच्या पंपांचे अंतर भागेल. अंधार पडल्यावर दिव्याचा झोत वळणावर कुठवर पोचतो आणि माझे डोळे कुठवर पोचतात हे कळले. पहिला दुसऱ्यापेक्षा लांब होता. संध्याकाळी पौड रस्त्याच्या गर्दीत रेडिएटरचा पंखा सुरू झाला आणि पोटरीला ऊन हवा लागली. शोरूमच्या चक्करीत तो पंखा सुरू व्हायलाही वेळ मिळाला नव्हता.

परत आल्यावर त्या मुलाला म्हणालो, "आता एक शेवटचं. गाडी आडवी पाड."

"काका?"

"मला उचलून पाहायचीय."

त्याच्या गाडीला संरक्षक दांडे लावलेले होते, सोसायटीमागे गवत होते आणि त्याचा स्वभाव चांगला होता. आम्ही दोघांनी मिळून ती हळूच उजव्या अंगावर निजवली. मी हँडल धरून नेहमीसारखी ओढली. ती हलली, उठली नाही. दुसऱ्यांदा ओढली, कमरेत कळ आली, आणि मी सोडून दिले. स्पितीच्या एखाद्या वळणावर, जिथे तासभर दुसरे वाहन येत नाही, तिथला मी मला दिसला.

"असं नाही, काका," तो म्हणाला आणि त्याने करून दाखवले. आधी बाजूचा स्टँड उघडायचा, म्हणजे उठलेली गाडी दुसऱ्या अंगाला पडत नाही. गिअर टाकून ठेवायचा, म्हणजे ती सरकत नाही. मग गाडीकडे पाठ करायची, आसनाच्या कडेला कुल्ले टेकवायचे, एका हाताने हँडलची खालची मूठ आणि दुसऱ्याने मागची पट्टी धरायची, पाठ ताठ ठेवायची आणि पायांनी रेटत एकेक छोटे पाऊल मागे टाकायचे. कंबर वाकवायची नाही. तिसऱ्या प्रयत्नात गाडी उठली. मी घामाघूम झालो होतो. ही उचल पुण्यातली. काझा समुद्रसपाटीपासून सुमारे ३८०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब इथल्यापेक्षा पुष्कळ कमी. कार्ब्युरेटरच्या गाड्यांचे अशा उंचीवर पेट्रोल जास्त होऊन त्या गुदमरत. या गाडीतले इंधन इंजेक्शन हवेप्रमाणे पेट्रोल कमी करते, म्हणून ती गुदमरत नाही. पण ताकद तिचीही घटते. हवेत नसलेला प्राणवायू कोणतेही यंत्र निर्माण करीत नाही. आणि माझ्यात तर ती इंजेक्शनची सोयही नाही.

त्या रात्री मी जुन्या सवयीने कागद घेतला आणि प्रस्तावावर टिपण लिहिले. वाहन: शिफारस. या पैशांत, अशा रस्त्यासाठी, देशात सहज दुरुस्त होणारी आणि इतकी समजूतदार दुसरी गाडी मला माहीत नाही. कमी फेऱ्यांवरची तिची कुरकुर हा दोष नसून स्वभाव आहे, शिकून घ्यावा. अर्जदार: अटींवर. बसके आसन घ्यावे. अंधार पडल्यावर चालवू नये. सामान कमी, आणि असेल ते खालच्या अंगाला बांधावे. महिनाभर रोज उठाबशा काढून गाडी पुन्हा एकदा उचलून दाखवावी, आणि उचलता आली तरच पैसे भरावेत. शेवटची अट लिहिताना हात अडखळला. मागे प्रवासी बसवून काझापर्यंत जाऊ नये.

कागद पत्नीला वाचायला दिला. जन्मभर ज्या बेताची आम्ही दोघांनी मिळून वाट पाहिली, त्यातून तिलाच वगळणारी ती अट होती. तिने तो दोनदा वाचला.

"रेकाँग पिओहून काझाला बस जाते ना?" तिने विचारले.

जाते. हिमाचल परिवहनची जाते.

"मग पिओपर्यंत मी तुमच्या मागे येते. तिथून बसने. खिडकीची जागा मिळाली तर तुम्ही दिसालही मधे मधे. काझाला भेटू." थोडे थांबून म्हणाली, "आणि तुमची गाडी पडलीच, तर बसमधली माणसं उतरून उचलतील."

ही सोय मला सुचली नव्हती. टिपणात ती मी तिच्या नावाने जोडली.

बुकिंगचा फॉर्म अजून टेबलाच्या खणात आहे. परवा शोरूममधल्या तरुणाचा फोन आला होता, "काका, गाडीचं काय ठरलं?" त्याला सांगितले, गाडी पास झाली आहे, अर्जदाराची तपासणी चालू आहे. रोज सकाळी गॅलरीत उठाबशा काढतो आणि पत्नी चहा पीत मोजते. काल तिने पंचवीस मोजल्या. माझ्या हिशोबाने त्या बावीसच होत्या.